पट्टीवरचे ठसे

बाबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, पण आज मी सौंसरच्या शाळेत तुमच्या वर्गात बसणाऱ्या त्या मुलीसारखी घाबरून बसली आहे. उद्या माझ्या पीएच.डी.ची तोंडी परीक्षा, आणि माझ्या प्रबंधात एक चूक आहे. ती फक्त मला माहीत आहे.

माझं काम सांगते. धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये रेणूंचा पातळ थर ठेवायचा, तो भयंकर थंड करायचा आणि त्यातून वीज सोडायची. प्रत्येक रेणू आपल्या तऱ्हेने थरथरतो. रेणूला थरथरवण्यापुरती ऊर्जा इलेक्ट्रॉनकडे आली, की पलीकडे जायला इलेक्ट्रॉनला आणखी एक वाट मिळते आणि आलेखावर बारीक उंचवटा येतो. त्यावरून आत कोणता रेणू आहे ते ओळखायचं. पुढे एकट्या रेणूतूनही हे मोजता येईल, असं माझे मार्गदर्शक सर म्हणतात. माझ्या आलेखात कुणी न पाहिलेला उंचवटा आला, तेव्हा सरांनी पेढे वाटले.

परवा आईने पांढुर्ण्याहून पाठवलेली संत्र्यांची पेटी उघडली. होस्टेलची मैत्रीण दारातूनच म्हणाली, केवढा वास सुटलाय. मला काहीच येत नव्हता. संत्र्यांत वाढलेल्या आपल्या नाकांना तो कळत नाही. त्या नव्या उंचवट्याची पट्टी थर चढवण्याआधी उघडी होती, त्या दुपारी मी शेजारी बसून संत्रं सोललं होतं. सालीच्या तेलाचे रेणूही थरथरतात, बाबा.

तुमचा तास आठवून राहिला. मोरचुदाच्या पाण्यात बुडवलेल्या सगळ्यांच्या लोखंडी पट्ट्यांवर तांबं चढतं, माझ्या पट्टीवर तीन जागा कोऱ्या राहतात. तुम्ही विचारता, "संत्रं सोलून हात धुतले होते का वं?"

"हो गुरुजी, धुतले." वर्गात मीही तुम्हाला गुरुजीच म्हणते.

तुम्ही रागावत नाही. पट्टी उजेडात धरता, साऱ्या वर्गाला माझ्या बोटांचे ठसे दिसतात. "पट्टी काहून खोटं बोलेल?" एवढंच म्हणता आणि ती मला देऊन टाकता.

ती पट्टी आत्ता टेबलावर आहे. सकाळपासून दोनदा सरांच्या फाटकापर्यंत जाऊन परत आली. सांगितलं तर माझी तीन वर्षं जातील, सरांची मान खाली जाईल. पण खरी भीती वेगळीच आहे. थर स्वच्छ होता का, असं उद्या कुणी विचारलं, तर माझ्या तोंडून "हो, होता" निघेल.

हे पत्र मी सरांना लिहायला घेतलं होतं. वर "बाबा" लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही.