बाटलीतले बुडबुडे

आये, तुझ्या छातीतल्या नळीचं दुसरं टोक पलंगाखालच्या बाटलीत, पान्यात बुडवलेलं होतं. मुंबईच्या हॉस्पिटलात फुप्फुसाचा सडका तुकडा काढला, जखम सुकत आली, तरी तू श्वास सोडलास की बाटलीत बुडबुडे. खोकलीस की जास्त. मी म्हनायचो, "आये, आत मासा पाळलायस काय?" तू टाक्यांवर हात दाबून हसायचीस आनि बाटली खदखदायची. सिस्टर ओरडायची, "ए, पेशंटला हसवू नको!"

डॉक्टर म्हनाले, जखमेच्या बाजूनं बाहेरची हवा शिरत असेल तर नळी नीट बसवू, झालं. फुप्फुसातूनच गळत असेल तर परत चिरावं लागेल. ते बघायला किरनं सोडनारा गॅस श्वासातून देनार होते. पाचूबंदरला मासळीच्या लिलावात तुझ्या आवाजापुढं दलाल गप व्हायचे, आनि इथं माझी बाही धरून हळूच विचारतेस, "तो गॅस अंगात राह्यला तं रं?"

"तं रातच्याला चमकशील. बाबाला बोटीवर कंदील नको."

"मुडद्या!" बोललीस, पन बाही सोडलीस.

अंधारी खोली. तू यंत्राला पाठ लावून बसलीयस, तोंडावर मास्क. मी दारात. पडद्यावर पांढरे ठिपके उमटतायत, कुरमुरे सांडल्यासारखे. तो तुझा श्वास. एक बाजू भरते, दुसरी अर्धीच भरते, आनि मग थोडे ठिपके नळीच्या वाटेनं खाली निघतात. शाळेत मला काय येत नव्हतं, पन हे कळलं. आतूनच गळत होतं.

मास्क काढल्या काढल्या विचारलंस, "काय दिसला रं?"

मी नेहमीसारखा सुरू झालो. "दलालांना द्यायच्या शिव्या आत राह्यल्यात, त्याच बाहेर पडतायत."

तू हसली नाहीस. "परत चिरनार ना?"

मी मान हलवली.

"मग आता गप राव. माझ्याजवळ बस."

बसलो. तुझा हात गार होता.

दुसऱ्या ऑपरेशननंतर बुडबुडे थांबले, तू परत टोपली उचललीस, चांगली वर्षं काढलीस. आता तुला जाऊनसुद्धा खूप झालं. लोक मला मयताच्या घरीपन बोलावतात, "ये रे, जरा हसव त्यांना." जातो. दमायला होतं. हे लिहिलेलं कुठं पाठवनार, घडी करून शर्टाच्या खिशात ठेवतोय. तेव्हा तू गप राव म्हनालीस ना, मला लय बरं वाटलेलं, आये. तुला सांगितलं नाय.