उशाखालचा चाकू

॥ श्री ॥

साक्री, ता. ४ सप्टेंबर १९६८

ती. जीवरामभाऊस,
धाकट्या बेबीचा सा. न. वि. वि.

पत्र रागात लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते. राखीला तू मला जो घडीचा चाकू दिलास, पितळी मुठीचा, मुठीवर मोर कोरलेला, तो वेगळ्या पुडक्यात परत पाठवला आहे. मोर छान आहे. चाकू कामाचा नाही.

परवा मी बालवाडीचं सामान एका पाड्यावर पोचवून पुनाच्या बैलगाडीतून परत येत होते. आमची दुधाच्या पावडरची पोती वाहतो तो हा पुना. कान नदीला पाणी गुडघाभरच होतं, पण एक चाक खड्ड्यात गेलं, गाडी कलंडली आणि डावा बैल खाली बसला तो उठेना. जुवाची दोरी त्याच्या गळ्याला आवळली. भिजलेल्या दोरीची गाठ हाताने कधी सुटते का? पुना खांद्याने गाडी तोलून धरून उभा होता. तो मला म्हणाला, "बाई, तुनाजोडे चाकू शे ना, काप ना."

चाकू होता. पण पिशवी गाडीत आणि मी पाण्यात. पिशवी ओढून घेतली तर पातं उघडेना. ते नखाने ओढायचं, आणि माझे हात चिखलाने माखलेले. दातांनी ओढून एकदाचं उघडलं, दोरीवर जोर दिला, तर ते माझ्याच बोटांवर मिटलं. दोन टाके पडले आहेत, ते भरून येतील. बैल गेला, भाऊ. माझ्यासमोर त्याचे डोळे पांढरे झाले. पुना मला एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

म्हणून आता सांगते ते नीट कर. आपल्या भिकन लोहाराकडून मला एक लहान चाकू करून घे. मिटणारा नको. पातं चार बोटं, जास्त लांब नको. लोखंड मुठीत शेवटपर्यंत गेलेलं असू दे, नाहीतर जोर दिला की मूठ निखळते. वर चामड्याचं म्यान, कमरेला अडकवता येईल असं. मला तो रोज लागतो. पोत्याची शिवण उसवायला, पायातला काटा काढायला, भाकरीबरोबर कांदा चिरायला, आणि देव न करो, पुन्हा दोरी कापायला.

नाना-मायला नमस्कार. वहिनीचे दिवस भरत आले, तिला विहिरीचं पाणी ओढू देऊ नका. माझा राग चाकूवर आहे, तुझ्यावर थोडासाच आहे. लोभ आहे तो तसाच ठेव.

तुझी,
बेबी


जामनेर, ता. १२ सप्टेंबर १९६८

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र माझ्याआधी नानांच्या हाती पडलं. त्यांनी ते ओसरीवर मोठ्याने वाचलं. बैल गेला तिथे हळहळले, आणि 'कमरेला' हा शब्द आला तसं पत्र खाली ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की ग्रामसेविकेच्या नोकरीला आपण हो म्हटलं ते बायकांना शिवण आणि मुलांना स्वच्छता शिकवण्यासाठी. दरोडेखोरासारखं हत्यार लावून रानात हिंडण्यासाठी नाही. भुसावळची मंडळी मार्गशीर्षात तुला पाहायला येणार आहेत. त्यांच्या कानावर हे गेलं तर त्यांना काय सांगायचं, असं ते मलाच विचारतात, जसा काही चाकू मी लावणार आहे. राजीनामा देऊन दिवाळीला घरी यावं, असंही त्यांनी काल जेवताना काढलं.

आता माझं. मलाही राग आला आहे. तो चाकू मी जळगावात अख्खी दुपार हिंडून, कितीतरी उघडून मिटून निवडला होता. घडीचा चाकू पर्समध्ये राहतो, कुणाला दिसत नाही, बाईमाणसाला तोच शोभतो. बैलाचं वाईट झालं. पण कोरड्या हाताने तो झटकन उघडतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पुडकं मिळालं. मोराचं पितळ घासायला तुझ्या वहिनीला सांगितलं आहे. बोटांना जप, आणि आमच्याविषयी मनात किंतु ठेवू नकोस.

तुझा भाऊ,
जीवराम


साक्री, ता. १८ सप्टेंबर १९६८

ती. भाऊस सा. न. वि. वि.

कोरड्या हाताने उघडतो म्हणतोस. बरं. नदीला निरोप देते, मी उतरण्याआधी जरा कोरडी हो म्हणून.

शोभण्याचं काढलंस म्हणून लिहिते. तुझ्या लग्नात हळद लागल्यापासून तुझ्या हातात कट्यार होती, टोकाला लिंबू खोचलेली. जेवताना, झोपताना, घोड्यावर, सगळीकडे. तुला काकडी धड चिरता येत नाही, पण जीवरामला हे शोभत नाही असं कुणी म्हटलं नाही. माय जन्मभर कमरेला विळा खोचून कपाशीत गेली, तिला कुणी दरोडेखोर म्हटलं नाही. विळा वाकडा म्हणून चालतो आणि पातं सरळ झालं की घराची अब्रू जाते, असं काही आहे का? नानांना विचारून कळव.

नोकरी मी सोडणार नाही. इथल्या बायका माझी वाट पाहतात. आपली कुणीतरी वाट पाहतं हे मला आवडतं, खूप आवडतं, आणि भुसावळच्या मंडळींना हेही आत्ताच कळवलं तर पुढचा गैरसमज टळेल.

एक मात्र खरं. त्या वाटेने मोकळ्या हाताने जायची मला आता भीती वाटते. असं मी तुला कधी लिहिलं नव्हतं, म्हणून तरी मनावर घे. भिकनला सांगणार नसशील तर इथल्या लोहाराकडून करून घेईन, पण भिकनच्या हातचं पाणी चढलेलं पातं वर्ष वर्ष धार सोडत नाही.

वहिनीची खुशाली कळव. भांडले तरी बहीणच आहे, हे विसरू नकोस.

बेबी


जामनेर, ता. ४ ऑक्टोबर १९६८

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

आधी गोड बातमी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आपल्या घरी मुलगी झाली. तू आत्या झालीस. तुझी वहिनी सुखरूप आहे. मुलगी गोरी नाही, पण आवाज तुझा आहे, सगळ्या गल्लीने मान्य केलं.

आता दुसरं. काकडीचं तू लिहिलंस ते मला लागलं. नानांना न सांगता मी भिकनकडे गेलो आणि ट्रकच्या जुन्या कमानीच्या पाट्यातून पातं काढायला लावलं. पहिल्यांदा ते लांब झालं, कारण चार बोटं मी माझी धरली. मग मायची बोटं लावून पुन्हा घासून घेतलं. मूठ शिसवीची करणार होता, पण ती ओल्या हातात सरकेल म्हणून मी बाभळीची करवली, आणि बोट पुढे घसरू नये म्हणून खाच पाडून घेतली. विहिरीवर नेऊन भिजल्या हाताने भिजला दोर कापून पाहिला. एका ओढीत तुटला. बेबी, तुझं खरं होतं. घडीचा चाकू निवडताना मी मोर पाहिला होता.

पण घोटाळा झाला आहे. दसऱ्याला नानांनी फाळ, कुऱ्हाड, विळे पूजेला मांडले, त्यात हाही घरचंच अवजार समजून मांडला आणि हळद-कुंकू लावलं. मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी बाळंतिणीच्या उशाखाली ठेवायला लोखंड हवं, म्हणून मायने हाच उचलला. नवा कोरा, शिवाय पूजेतला. आता सव्वा महिना तो हलवायचा नाही म्हणते. बाहेरचं काही लागू नये म्हणून असतो तो. सव्वा महिना झाला की लगेच पाठवतो.

नाना पुढच्या आठवड्यात तुला घेऊन यायला साक्रीला निघणार आहेत. त्यांच्यापाशी चाकूचं काढू नकोस. माझी बाजू जरा सांभाळून घे.

जीवराम


साक्री, ता. ९ ऑक्टोबर १९६८

ती. भाऊस सा. न. वि. वि.

वहिनीला सांग, पत्र वाचून मी ऑफिसातल्या सगळ्यांना पेढे वाटले. मुलीचं नाव मला विचारल्याशिवाय ठेवलंत तर बारशाला येणार नाही. तू विहिरीवर जाऊन दोर कापलास ते वाचून मला रडू आलं, तेही कबूल करते.

आणि आता माझा राग ऐक, कारण तो मावत नाही. माझ्या चाकूची पूजा झाली. त्याला हळद-कुंकू लागलं, उशाखाली मानाची जागा मिळाली. सगळीकडे तो चालला, फक्त माझ्या कमरेला चालत नाही. जी बाई अजून उठून पाण्याचा पेला घेऊ शकत नाही, तिला चाकू द्यायचा. जी नदी ओलांडून रान तुडवते, तिला तो शोभत नाही म्हणायचं. वहिनीच्या उशाशी येणारं भूत तुमच्यापैकी कुणी पाहिलं आहे? मला वाटेत जे भेटतं ते चांगलं धडधाकट असतं, पांढरे कपडे घालतं आणि पान खातं. ते सगळं लिहिलं तर तुमची झोप उडेल, म्हणून लिहीत नाही.

सव्वा महिना झाला की उशाखालचं लोखंड काढून घ्याल, पोरीचं भय संपलं म्हणून. भाऊ, मुलीच्या जातीचं भय तिथे संपत नाही. तेव्हा तर ते सुरूही झालेलं नसतं.

नाना आले तर येऊ देत. मी पिठलं-भाकरी करून घालीन आणि खोटं बोलणार नाही. रागावलास तरी उत्तर पाठव.

बेबी


साक्री, ता. १६ ऑक्टोबर १९६८

चि. जीवराम यास,
उखर्डू यांचे अनेक आशीर्वाद.

परवा संध्याकाळी धुळ्याहून एस.टी.ने सुखरूप पोचलो. चाकूची सगळी हकीकत बेबीने सांगितली. पूजा माझ्या हातून करवून घेतलीस आणि तोंड मिटून बसलास, याचा जाब घरी आल्यावर घेईन. आता त्याहून मोठं लिहायचं आहे, ते नीट वाच.

काल इथला बाजार होता. बेबी पावडरच्या पोत्यांची गाडी ठरवायला निघाली, तिच्याबरोबर मीही निघालो. माझ्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी मोच्यापाशी थांबलो आणि ती पुढे झाली. पानाच्या दुकानापाशी एक माणूस बैलगाडीला टेकून उभा होता. चांगला खात्यापित्या घरचा, माझ्यापेक्षा थोडाच लहान. तो मोठ्याने म्हणाला, "बाई, आज एकलीच का वं? गाडीमा जागा शे." बाजूचे हसले.

माझ्या डोक्यात रक्त चढलं आणि मी एका पायात चप्पल तसाच त्याच्यावर धावून गेलो. बाप आहे म्हटल्यावर त्याने हात जोडले, गंमत केली म्हणाला. भर बाजारात त्याला मी काय काय बोललो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. माझा राग अजून उतरलेला नाही. पण जीवराम, त्याने हाक मारली तेव्हा बेबीने मान वळवली नाही. तिचं पाऊलही चुकलं नाही. उन्हातून चालावं तशी ती चालत राहिली, कारण तिला त्याची सवय झालेली आहे. माझ्या मुलीला या गोष्टीची सवय झालेली आहे, आणि याचा राग कुणावर काढावा ते मला रात्रभर कळलं नाही.

घरी आल्यावर मी म्हणालो, ट्रंक भर, सकाळच्या गाडीने निघू. तिने चूल पेटवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "नाना, बोलला तो. मग घरी मी का बसायचं?" मी साठी उलटलेला माणूस. पंचायतीत चार लोकांचे तंटे मिटवले आहेत. मी ट्रंकेवरचा हात काढला आणि चुलीपाशी जाऊन बसलो.

चाकू त्या माणसासाठी नाही, दोऱ्यांसाठी आहे, असं ती म्हणते, आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. तो तू आजच्या आज उशाखालून काढून इकडे पाठव. तिथे विळा ठेवा. तुझी माय कुरकुरली तर माझं नाव सांग. भुसावळला मी स्वतः लिहीन, की मुलगी नोकरी करते, कमरेला चाकू लावते, हे चालणार असेल तरच पाहायला या.

जेवण झाल्यावर मी तिला विचारलं, हे इतके दिवस घरी का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही मला न्यायला आला असता." तिने काही सांगितलं नव्हतं, जीवराम. तरीही मी तिला न्यायलाच आलो होतो.

नातीला माझे आशीर्वाद, सुनेला जपा. चार दिवसांनी सकाळच्या गाडीने निघतो. एकटाच येतो आहे.

उखर्डू