आईचा चेहरा उसवणार नाही

प्रिय पामून,

तुझं पत्र मिळालं. चेहरा उसवून तिथे क्रूस विण, म्हणजे सगळ्यांचीच अब्रू राहील, असं तू लिहितोस. माझं उत्तर नाही असं आहे. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण आपल्या घरात एका शब्दावर कोण कधी थांबलंय?

आपल्या चर्चचे धर्मगुरू अपा होरियोन तुला काय म्हणाले असतील, ते मला इथे श्मिनमध्ये बसून ऐकू येतं. चर्चसाठी संत थेक्लाचा पडदा विणायला सांगितला आणि या बाईने स्वतःची आई विणली! पण माग लावल्यापासून ते दर आठवड्याला येत होते. आपल्याकडे चेहरा मागावर आडवा विणतात, हे तुला ठाऊक आहे. आधी एक कान, मग एक डोळा, मग नाक, मग दुसरा डोळा. आडव्या चेहऱ्यात अपांना थेक्ला दिसली. त्यांनी त्यावर हात ठेवून आशीर्वादही दिला. तेव्हा माझ्या तोंडून हसू फुटणार होतं, ते मी खोकल्यात घातलं.

पडदा मागावरून कापून चर्चमध्ये उभा टांगला, तेव्हा म्हातारी तामिन सगळ्यांदेखत म्हणाली, "अगं बाई, ही तर आपली सेनेसी!" झालं. भुवईवरची खोक, जाड नाक, समोरच्याला आरपार बघणारे ते डोळे. बायका हसल्या, मग दोघी-तिघी पुढे होऊन पडद्याला हात लावून आल्या. अपांचा चेहरा मात्र मंजिष्ठेच्या लाल रंगात बुडवल्यासारखा झाला. निळीच्या पिंपाशी जन्म काढलेली, अंगाला निळीत घालायच्या मुताचा वास येणारी, शिव्या देणारी रंगारीण संतांच्या जागी कशी, असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांना विचारलं, "अपा, थेक्लाला तुम्ही पाहिलंत का?" सिंहांपुढे उभी राहिलेली बाई नाजूक नाकाची होती, असं कुठल्या देवदूताने सांगितलं? आईने जमीनदाराच्या कारभाऱ्यापुढे कधी मान खाली घातली नाही. बाबा गेल्यावर कोपरापर्यंत निळ्या हातांनी तिने आपल्याला मसूर भरवला, आणि तुला शिकायला अलेक्झांड्रियाला धाडलं. तिच्यासारखी दिसणं थेक्लाला कमीपणाचं वाटेल, असं मला वाटत नाही. वाटलंच तर तिने मला येऊन सांगावं, अपांनी नव्हे.

आता मला चर्चमध्ये येऊ नको म्हणालेत. मी दाराशी उभी राहून प्रार्थना करते, तिथे वाराही बरा लागतो. उसवायला त्यांनी गावातल्या सगळ्या विणकरांना विचारून पाहिलं. एकाचा हात दुखतोय, दुसऱ्याच्या सासूचा स्मरणदिन आहे, तिसऱ्याला दिसत नाही. अशी आपली माणसं.

म्हणून सणाच्या दिवशी अपांच्या हाताखालच्या नव्या डीकनच्या हाती कात्री देणार आहेत. तो डीकन तू आहेस, हे तू लिहिलं नाहीस. मला तामिनने सांगितलं. मी चिडले, खोटं कशाला बोलू. मग आठवलं, आई गेल्याचं कळून तू नावेतून उतरून धावत आलास, तोवर आम्ही तिला कफनात नखशिखांत गुंडाळून बांधलं होतं. तू तिच्या पायाशी बसून मला विचारलंस, "ताई, शेवटी कशी दिसत होती?" मला सांगता आलं नाही. बोलणं माझं काम नाही, म्हणून मी विणलं. अपांसाठी नाही, थेक्लासाठीही नाही रे, तुझ्यासाठी विणलं. तेव्हा ये. आधी तिच्यासमोर उभा राहा, हवा तेवढा वेळ. त्यानंतरही कापावंसं वाटलं तर काप, मी दाराशीच असेन. कात्री मात्र तुझी तू आण. आपल्या घरातली मिळणार नाही.

तुझीच ताई,
तायेसिस