न बसलेली लाथ

तीर्थरूप देवराममामांस,

स्वरूपचा साष्टांग नमस्कार. (खरोखर जमिनीवर आडवा पडून घातलाय. गेल्या महिन्यात घालता आला नसता, त्याचीच ही हकिकत.) तुमचा खांदा कसा आहे? मामींचे गुडघे? वाशिंदला सगळी मजेत असाल असं धरून मुद्द्यावर येतो.

रुचिताने माझ्या कमरेत लाथ घालायला नकार दिला, त्या घडीला माझं आयुष्य बदललं.

रागावण्याआधी पुढे वाचा. रुचिता म्हणजे आपल्या वरच्या आळीतल्या धर्माकाकांची मुलगी. ती पायाळू, जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसाने पाठीत पाय मारला की उसण उतरते असं आपल्याकडे सगळे मानतात, म्हणून ती चालायला लागल्यापासून अख्खं गाव तिच्यापुढे पाठ करून उभं राहत आलंय. (सरपंचसुद्धा. मी पाहिलंय.) मला उसण भरली ती दारामुळे. बाबांनी जेवताना विचारलं, कॉलेज अर्ध्यात का सोडलंस. आता त्यांना कसं सांगणार, की रुचिता कल्याणला मसाजचा कोर्स करायला गेली आणि शहापूरच्या कॉलेजात बघण्यासारखं काही उरलं नाही? मी ताटावरून उठलो आणि दार आपटून बाहेर पडलो. दार बिजागरीतून निखळलं (तुम्ही दिवाळीत बसवून दिलेलं तेच), ते धरायला वळलो तर कमरेत अशी चमक भरली की विळ्यासारखा वाकडा झालो.

पण मनातून खूश होतो. रुचिता कोर्स संपवून परत आली होती, शहापूरला एसटी स्टँडच्या मागे दोन खोल्या घेऊन तिने मसाजचं केंद्र काढलं होतं, आणि माझ्याकडे आता जायला कारण होतं. नवा शर्ट घालून, केसांना पाणी लावून, तसाच वाकडा रिक्षातून उतरलो आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो. ती म्हणाली, "लाथा बंद केल्यात मी. आता शिकून आलेय. झोप पालथा." मी डोळे मिटून पालथा पडलो. मामा, पाठीवर जो हात पडला तो फावड्याएवढा होता. बायकांचं रुचिता बघते, पुरुषांचं धर्माकाका. लेकीनेच त्यांना शिकवलंय.

ज्याला सासरा करायचं मनात आहे त्याच्याच अंगठ्याखाली पडून राहण्यासारखी परीक्षा कुठल्या विद्यापीठात नसेल. "कॉलेज सोडलंस ना रे?" (अंगठा मानेत.) "मग आता काय करतोस?" (कोपर कमरेजवळ.) खोटं बोलायला श्वासच उरत नाही. तेवढ्यात पडद्यापलीकडून रुचिता म्हणाली, "बाबा, इतकं नाय दाबायचं. त्याला दुखतंय." मला दुखतं हे तिला पडद्याआडून कळतं, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

गुण मात्र आला. उसण उतरली, आणि वर्षभर नव्हती अशी झोप लागायला लागली. संध्याकाळी डोकं दुखायचं तेही कमी झालं. रुचिता म्हणते, राग आला की माझे खांदे कानापर्यंत चढतात आणि तिथेच मुक्काम करतात. मसाजने ते उतरतात, पण खाली ठेवायचं काम माझं. ती उगाच बढाया मारत नाही. ताप असला, सूज असली, पायाला मुंग्या येत असल्या तर हात न लावता डॉक्टरकडे पाठवते. तरी लोकांना मसाज म्हटलं की हसू येतं. परवा मुरबाडच्या बाजारात टोमॅटो विकणाऱ्या हितेशने डोळा मारून विचारलं, "काय रे, मालिश जोरात हाय म्हणे?" एरवी त्याचीच टोमॅटोची पाटी त्याच्या डोक्यात घातली असती. मी खांदे खाली सोडले, लांब श्वास घेतला आणि म्हटलं, तूपण ये. (तो आला. काकांनी त्याला बघितला. आता डोळा मारत नाही.)

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
स्वरूप

ता.क. कारखान्यात मशीनपुढे उभं राहून आखडलेला तुमचा खांदा घेऊन रविवारी शहापूरला या.

ता.क. २. खांदा हे निमित्त. पालथे पडलात की धर्माकाकांना माझ्यासाठी रुचिताबद्दल विचारा. तोंड खाली असतं, लाजायचं कारण नाही. रुचिताला मी आधीच विचारलंय. ती म्हणाली, "ज्या घराचं दार सारखं पडतंय तिथं मी नाय येणार. आधी दार टिकव. आणि कॉलेज पुरं कर." मामा, हा नकार नाही. मी सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलाय.

ता.क. ३. उसण दुसऱ्याच खेपेला गेली होती, पुढच्या खेपा उगाचच. काकांना सांगू नका.

ता.क. ४. हे ओट्यावर बसून लिहितोय. आत बाबांना सांगितलं, कॉलेजात परत नाव घालतो. बाबा म्हणाले, "परत सोडशील." खांदे कानाला टेकले. मी ते खाली आणले, "बघा तुमी," म्हटलं, बाहेर आलो आणि परत बसवलेलं दार हळूच लावलं. आतून आई बाबांना विचारत होती, "गेला, का अजून आतच हाय?"