चुलीतली राख

आई,

तुझ्या गुलछडीचे कंद माझ्या हातून मेले. एवढं एक वाक्य लिहायला मला एकवीस वर्षं लागली, आणि लिहितानाही 'माझ्या हातून' असं लिहिलंय बघ, 'मी मारले' असं नाही. बदलापूरला, खरवईतल्या आमच्या सहाव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात बसले आहे. वर माळ्यावर एक करंडी आहे, तिच्याकडे मी शेवटी येईन. आधी झालं ते क्रमानं सांगते, नाहीतर नेहमीसारखी सोयीचं तेवढं सांगेन आणि मधलं गाळीन.

मोरिवलीच्या आपल्या घरामागे केमिकल कंपनीच्या भिंतीपर्यंत जेमतेम आठ पावलं जागा होती. त्या जागेत तू अर्धी कापलेली निळी पिंपं मांडली होतीस. आधी त्यांत काय भरलं होतं कोण जाणे, म्हणून माती घालण्याआधी तू ती आठवडाभर पाण्यानं भरायचीस, ओतायचीस, पुन्हा भरायचीस. कंद तुझ्या माहेरचे. बदलापूरच्या पुढे, बारवीच्या बाजूला तुझं माहेर. मामा गेला, घर बसलं, आणि तिथलं म्हणून तुझ्याकडे राहिलं ते एवढंच. श्रावणात दांडे वर यायचे, दिवाळीपर्यंत फुलं असायची. एकेरी पाकळ्यांची, साधी, पण संध्याकाळी वास असा सुटायचा की पलीकडच्या आळीतल्या बायका विचारायच्या. भिंतीपलीकडून तो आंबट वास यायला लागला की सगळे मागची दारं लावून घ्यायचे आणि तू आपलं उघडायचीस. "त्याला हाकलायला हा हाय ना," म्हणायचीस.

थंडी पडली की पानं पिवळी व्हायची आणि तू पाणी तोडायचीस. मी दुसरीत असेन. मला त्या सुकत चाललेल्या पानांची दया आली म्हणून तांब्याभर पाणी घातलं, तर पाठीत धपाटा बसला. "झोपलेल्याला कोण पाणी पाजतं काय गो?" मग एका दिवशी तू खुरपं घेऊन बसतेस, कंद उकरतेस, माती झाडतेस, खाटेखाली गोणपाटावर पसरतेस. फुलून गेलेला मोठा कंद बाजूला, त्याच्या कडेची पिल्लं वेगळी. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, फुलतात ती त्याची पिल्लं, हे तू मला तेव्हाच सांगितलंस. चार दिवसांनी करंडीत राखेचा थर, कंदांचा थर, वर पुन्हा राख. करंडी माळ्यावर जायची, पण तिचं काम संपायचं नाही. दर आठ दिवसांनी तू ती खाली काढायचीस, एकेक कंद बोटांनी दाबून बघायचीस, मऊ लागला तो काढून टाकायचीस, खालचे वर करायचीस. असं अक्षय तृतीयेपर्यंत. अभ्यास करता करता मी तो राखेचा सळसळ आवाज ऐकायची आणि मला वाटायचं, हिला दुसरं काही काम नाही का.

राख चुलीतली लागायची. आपल्याकडे गॅस आला तरी तुझी राख अडली नाही, कारण लाकूडवाली होती. डोंगरातल्या पाड्यावरून ती मोळी घेऊन यायची, दर मंगळवारी. थंडीत फडक्यात बांधून राख आणायची आणि जाताना तू तिला मूठभर पिल्लं द्यायचीस. मग ती आपल्या पायरीवर बसून आपल्याच कपातून चहा प्यायची. मला ते आवडायचं नाही. तिच्या लुगड्याला धुराचा वास यायचा आणि माझ्या मैत्रिणी समोरून जायच्या. मला बघायला पाहुणे येणार होते तो मंगळवारच होता, आठवतं? "आज तरी तिला पायरीवर बसवू नकोस," मी म्हणाले. तू तिला आत नेऊन स्वयंपाकघरात बसवलंस, आणि पाहुण्यांच्या कपांबरोबर तिचाही कप भरलास.

तुझं ऑपरेशन झालं त्या वर्षी थंडी उशिरा आली. उल्हासनगरच्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या तुला तुझ्या टाक्यांची काळजी नव्हती.

"पानं पिवळी झाली असतील. काढ आता. सावलीत सुकव, आठ दिवसांनी फिरव."

"हो गं आई."

"राख तिच्याकडनंच घे. चुलीतलीच पायजे."

"घेईन."

मी कंद काढले, सुकवलेही. मंगळवारी ती आली. "आयस कशी हाय?" तिनं विचारलं. मी दारातच उभी राहून "बरी आहे" म्हटलं. तिच्या हातात फडक्याचं गाठोडं होतं. न मागता आणलं होतं तिनं, तुझी वेळ तिला माहीत होती. ते पुढे केलं तर मी म्हणाले, "नको, आहे आमच्याकडे." कारण ते घेतलं असतं तर तिला बस म्हणावं लागलं असतं, चहा टाकावा लागला असता, पिल्लं द्यावी लागली असती. मला अंबरनाथला परत जायचं होतं. आमच्या नव्या ब्लॉकमध्ये पांढऱ्या लाद्या होत्या आणि मी तेव्हा त्या लाद्यांच्या तोऱ्यात होते. ती गाठोडं तसंच घेऊन परत गेली.

राखेचा प्रश्न तुझ्या जावयांनी एका मिनिटात सोडवला. ते तेव्हा एमआयडीसीत बॉयलरवर होते. "राखच ना? रोज पोती भरून निघते. पाहिजे तेवढी आणतो." राख आली. बारीक, पांढुरकी, चाळल्यासारखी. तुझ्या करंडीतल्या काळ्या भरड राखेपेक्षा कितीतरी स्वच्छ. चुलीतली आणि बॉयलरची यांत काय फरक, राख ती राख, असं मी म्हटलं. करंडीतून राख लाद्यांवर सांडेल म्हणून उल्हासनगरच्या बाजारातून घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणला. दुकानदारानं झाकण लावून, उलटा करून दाखवला. "भाभीजी, इसमें तो हवा भी नहीं जाएगी." मला ते फार पटलं. डबा आमच्या ब्लॉकच्या माळ्यावर गेला आणि आठ दिवस म्हणता म्हणता तीन महिने झाले. तू घरी आलीस, मी रोज जेवणाचा डबा घेऊन यायची आणि तू रोज नाही पण बरोबर आठव्या दिवशी विचारायचीस, "फिरवलेस काय?" मी दर वेळी हो म्हणाले. किती वेळा ते तू मोजलं असशील, मी नाही.

चैत्रात झाकण उघडलं तेव्हा आधी वास आला. वरचे कंद सुकून कांद्याच्या सालीसारखे पोकळ झाले होते आणि खालचे काळे, बोट लावलं की बोटालाच येणारे. राखेनं कुठूनशी ओल धरून दगडासारखे गोळे केले होते. मी एकेक दाबून बघितला, तू बघायचीस तसा, आयुष्यात पहिल्यांदा. एकही घट्ट लागला नाही. दुपारी इमारत झोपलेली असताना सगळं मागच्या नाल्यात ओतून आले. डबा मात्र टाकवला नाही. घासून, उन्हात ठेवून, पुढे कितीतरी वर्षं त्यात मी रवा भरला. आई, मला सगळ्यात लाज कसली वाटते सांगू? त्या रव्याची.

तेव्हाही मी तुझ्याकडे येऊन पायांशी बसले असते तर तू फार तर चार शब्द बोलली असतीस. मी बदलापूरच्या नर्सरीत गेले. "एकेरी देऊ की दुहेरी?" माळ्यानं विचारलं. मला ठाऊकच नव्हतं, एवढी वर्षं बघून. "चांगली द्या," म्हणाले, आणि त्यानं दुहेरी दिली. अक्षय तृतीयेला तू मागच्या दारात पाटावर बसलीस आणि मी पिंपांत लावायला घेतले. "एक बघू दे," तू म्हणालीस. तळहातावर घेऊन तू तो कंद बराच वेळ फिरवलास. माझे हात मातीत थांबले होते.

"जाड झालेत," तू म्हणालीस. आणि थोड्या वेळानं, "टोक वर ठेव."

श्रावणात फुलं आली. भरगच्च, एकावर एक पाकळ्या, आणि वास नावाला. शेजारची काकू म्हणालीच, "अगो, यंदा फुलं अशी कशी?" तू हसलीस. "लेकीनं जपली यंदा. लेकीचा हात लागला, भरगच्च आली." मी आत भांडी लावत होते. गोळ्यांनी तुझ्या तोंडाची चव गेली होती, तसा वासही गेला असणार, तुला फरक कळला नसणार, अशी मी माझी समजूत घातली, आणि ती इतकी घट्ट घातली की नवरात्र सरता सरता तू गेलीस तेव्हाही ती हलली नाही. दिवसकार्याला काकूनं सगळ्यांना सांगितलं, आजारी आईचे माहेरचे कंद लेकीनं जिवापाड सांभाळले. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखानं. ती गोष्ट मग घरात रुळली. माझ्या लेकीला ती पाठ आहे. तिनं ती तिच्या सासरीसुद्धा सांगितली आहे.

आणि या दिवाळीला तीच म्हणाली, "आई, गच्चीवर लावायला मला आजीची गुलछडी दे ना. तीच हवी, विकतची नको." माझ्याकडे नर्सरीतल्यांचीच पिल्लं. पण लेकीच्या आठवणीत ती जुनी फुलं नसली तरी काकूनं तिला एकेरी पाकळ्यांचं, वासाचं सगळं सांगून ठेवलेलं. म्हणून मी पौषात लाकूडवालीला शोधायला निघाले. प्रायश्चित्त वगैरे काही डोक्यात नव्हतं. लाज झाकायला निघाले होते. बदलापूरच्या बाजारात पाड्यावरच्या बायका भाजी घेऊन बसतात, त्यांना विचारत गेले. मोरिवलीला मोळी घेऊन जाणारी, म्हणताच तिसरीच बाई म्हणाली, "ती माझी सासू." तिच्याबरोबरच रिक्षात बसून गेले.

ती अंगणात उन्हाला बसली होती. खूप थकली आहे, डोळ्यांना कमी दिसतं. "कोन?" "मोरिवलीच्या गुलछडीवालीची मुलगी," मी म्हटलं.

"आयशीचे कंद न्यायला आलीस?"

कंद मागायला मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. तिनं कुडाच्या कडेला हात केला. तिथे पिवळ्या पानांचा एक लहानसा वाफा होता. "ह्यो तिचा. दर साल काढतंय, दर साल लावतंय. भादव्यात मोळी घेऊन गेलेली मी, तवा बोलली, माझे गेले, थंडीत तुझ्यातले चार मला दे. मी घेऊन गेली तं दाराला कुलूप."

म्हणजे तू मागितले होतेस, आई. पिंपात माझी भरगच्च फुलं उभी असताना तू तिच्याकडे तुझे चार कंद मागितले होतेस. आणि त्या क्षणी, तिच्या अंगणात उभी राहून, माझ्या तोंडून काय निघालं? "हो ना. उंदरांनी खाल्ले होते त्या वर्षी." विचार न करता, सहज.

म्हातारी मान हलवत म्हणाली, "तुझी आयस बी तेच बोलली. लेकीनं लय जपलं, पन उंदरांनी खाल्लं."

मी खालीच बसले, तिच्या पायरीवर. तिच्या सुनेनं चहा आणला तो प्याले. तिनं कंद उकरून दिले, फडक्यात राख बांधून दिली आणि वर मलाच सांगितलं, आठ दिवसांनी फिरव.

ती ही करंडी. सुकवून राखेत घातल्यापासून आज नवव्यांदा खाली काढली, एकही मऊ नाही. काल लेकीचा फोन होता. "आजीचे कंद नीट आहेत ना गं? तू काय, तुझी सवयच आहे जपायची." मी "नीट आहेत" म्हटलं. ती अक्षय तृतीयेच्या आधी न्यायला येणार आहे. तेव्हा तिला सगळं सांगायचं असं ठरवून मी हे लिहायला बसले. आधी तुला सांगितलं की तिला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. आता हे कागद घडी करून करंडीच्या तळाशी, राखेखाली ठेवते आहे. आणि खरं सांगायचं तर, ती यायच्या आदल्या दिवशी मी ते तिथून काढून घेईन.