धारोष्ण दुधाची परीक्षा

माय, तुला जाऊन बरीच वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे तू असतीस तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नसतं. म्हणून आता लिहितोय.

परभणीला विद्यापीठात पशुविज्ञान शिकायला निघालो तेव्हा सगळ्यात आधी संशय तुला आला होता. ढोरांचा डॉक्टर होणार का, असं गल्लीतले विचारायचे आणि मी नाही म्हणायचो. मग काय होणार, याचं उत्तर मला धड देता यायचं नाही. चारा, पैदास, दूध, कोंबड्या, असं काहीबाही सांगायचो. तू शेणाची पाटी भरता भरता ऐकून घ्यायचीस. एकदा म्हणालीस, "हे तर मी रोजच करायले. मला कुणी सर्टिफिकेट दिलं न्हाई."

पहिल्याच वर्षी सरांनी दुधाच्या प्रात्यक्षिकाला लॅक्टोमीटर दाखवला. काचेची नळी, तळाशी वजन. दूध पातळ असेल तर ती जास्त बुडते. एवढं कळलं आणि मला वाटलं, सगळं कळलं. सरांना विचारून एक नळी पिशवीत घातली आणि शनिवारी पिंगळीच्या स्टेशनवर उतरलो.

रविवारची सकाळ. तू म्हैस पिळून चरवी ओसरीवर आणून ठेवतेस. दूध अजून कोमट आहे, वर बोटभर फेस. शेजारची काकू तिचं पातेलं घेऊन दारात उभी आहे. मी फेस बाजूला सारून नळी सोडतो. ती नको तितकी खाली जाते. मी पुन्हा सोडतो, पुन्हा तेच.

"माय, यात पाणी हाय," मी म्हणालो.

काकूनं एकदा चरवीकडं आणि एकदा तुझ्याकडं बघितलं. तू पदराला हात पुसत विचारलंस, "तुझी नळी सांगती तेच खरं का?"

"नळीला कुणाची ओळख नसती," मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

तू माप उचललंस. काकूला दूध मापून दिलंस, नेहमीसारखं माप भरून वर थोडं ओतलंस. दुसऱ्या दिवसापासून काकू आली नाही. मग आणखी दोन घरं सुटली. जी राहिली तीही पातेलं तिरपं करून बघू लागली. गावात तुझ्या दुधाला कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं. ते मी एका सकाळीत करून परभणीला परत गेलो.

दोन आठवड्यांनी सर वर्गात सहज म्हणाले की धारोष्ण दूध तपासायचं नसतं. ते गरम असतं, त्यात हवा असते, नळी खाली जाते आणि चोख दूधही पातळ दिसतं. दूध निवू द्यायचं, फेस बसू द्यायचा. मी ते वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. दिवाळीला घरी आलो तेव्हा तू रानात गेलेली असताना निवलेल्या दुधात नळी सोडून बघितली. दूध चोख होतं. तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. पण मनात आलं, मी येणार हे हिला माहीत होतं; आज चोख आहे, रोज असेल कशावरून? आणि मी नळी धुऊन पिशवीत ठेवून दिली.

माझ्याबरोबरचे कुठं कुठं लागले. एक पशुखाद्याच्या कंपनीत गेला, एक बँकेत, एकानं झरी गावाकडं कोंबड्यांची शेड टाकली. मला दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. माझ्या स्वभावाला ती शोभली. कॅन घेऊन येणारा माणूस हसला तरी मला वाटायचं, हा का हसतोय? पुढं शेतकऱ्यांच्या साप्ताहिकात लिहायला लागलो. दर मंगळवारी मजकूर द्यावा लागतो. धारोष्ण दूध तपासू नका, हे मी आजवर कितीदा लिहिलं असेल. संपादकांना ती माहिती वाटते.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. काकू आता थकली आहे, ओट्यावर बसून असते. मी तिच्याजवळ बसलो आणि इतक्या वर्षांनी सांगितलं की त्या दिवशी चूक माझी होती, दुधात पाणी नव्हतं.

काकू हसली. "काय बोलायलास? तू गेलास त्याच सांजेला तुझी माय आली होती माझ्याकडं. म्हणली, पोरानं बरोबर धरलं, मीच घातलं होतं पाणी. लय हुशार निघालं म्हणली पोरगं. म्हणून तर मी दूध बंद केलं."

परतताना गाडीत मी दोन्ही बाजूंनी विचार केला. माझं शिक्षण गावासमोर खोटं पडू नये म्हणून तू आपलं नाव खराब करून घेतलंस, हे एक. किंवा तू खरंच पाणी घातलं होतंस, हे दुसरं. पहिलंच खरं असणार, हे मला तुझ्या स्वभावावरून कळतं. तरी दुसरं पूर्णपणे जात नाही. आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसाचं ते तसं होत असावं.

हा कागद मी घडी करून माझ्याजवळच ठेवणार आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. काकूचं बोलणं ऐकलं तेव्हा तुझ्याविषयी काही वाटायच्या आधी, क्षणभर का होईना, मला बरं वाटलं होतं. म्हणजे माझी नळी बरोबर होती, असं.