वाढत्या अंगाचा ड्रेस

मंगळवार, जिंतूर, दिवेलागणीला

पोलीस भरतीला माझी उंची दोन सेंटिमीटर कमी पडली, म्हणून अजून वाढेल का बघायला आज परभणीला मनगटाचा एक्स-रे काढला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पाळी लवकर आली की त्याच हार्मोननं उंची आधी झपाट्यानं वाढते, अन् हाडांची वाढती टोकंही लवकर जुळतात. तुझी जुळलीत. आता वाढ नाही."

पाचवीत पाळी आली तेव्हा प्रार्थनेच्या रांगेत मी सगळ्यात शेवटी, सगळ्यांत उंच. त्या शेवटच्या जागेची आज लय आठवण यायली.

"लय उंच होणार माही पोरगी," म्हणत आईनं तेव्हा वाढत्या अंगाचा पंजाबी ड्रेस घेतला होता. किती मोठा!

घरी येऊन तोच घातला. बाह्या अजून बोटांवर येतात. आई बघत राहिली. मग जवळ आली अन् तेव्हा दुमडायची तशाच बाह्या दुमडायला लागली.